शीरखुर्म्यातली बिनसाखरेची गोडी

या ईदला ठाण्याला राबोडीत आपाकडे गेलो, तेव्हा माझ्यासाठी शीरखुर्म्याचं वेगळं पातेलं तयार होतं. मधुमेह निघाल्यापासून पाच महिने मी चपाती-भात जवळजवळ सोडला आहे, हे तिला माहीत होतं. "साखर एक चमचाही नाही, डब्यातली ती गोड पावडर घातलीय. बिनधास्त खा," ती म्हणाली. मी दोन वाट्या खाल्ल्या. रात्री कल्याणला घरी येऊन बोटाला सुई टोचली. आकडा आला २४८.

दोष आपाचा नव्हता आणि पावडरीचाही नव्हता. शेवया, खजूर, मनुका, आटवलेलं दूध हे सगळं पातेल्यात होतंच. साखर काढली म्हणजे काम झालं, असं आम्ही दोघांनी धरून चाललो होतो. हा समज कुठून आला असेल, याचा विचार करताना मी साखरेच्या पर्यायांच्या इतिहासात शिरलो.

कमी कर्बोदकांचा आहार ही कालची टूम नाही. जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १७९७ साली मधुमेहाच्या एका रुग्णाला मुख्यतः मांसाहारावर ठेवल्याची हकीकत छापली. १८६३ मध्ये विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थाने ब्रेड, साखर, बटाटे सोडून आपलं वजन कसं उतरलं, यावर पुस्तिका काढली. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागेपर्यंत डॉक्टरांच्या हाती पथ्याखेरीज फारसं काही नव्हतं. साखरेचा पर्याय आला तो या पथ्याच्या काळात, आणि तोही अपघाताने.

१८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला कॉन्स्टंटिन फालबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होता. प्रयोगशाळेतून आल्यावर हात न धुता जेवायला बसला आणि ब्रेड गोड लागला. तेच सॅकरिन. त्याला दोन प्रकारचं गिऱ्हाईक मिळालं. एक, ज्यांना साखर मना होती ते रुग्ण. दुसरे, ज्यांना साखर महाग पडत होती ते कारखानदार. पहिल्या महायुद्धात साखर दुर्मीळ झाली आणि सॅकरिनचा खप वाढला. आपल्याकडे शाळेबाहेरच्या गारेगारवाल्याने ते घातलं, ते काही आपल्या तब्येतीच्या काळजीने नव्हे.

आजच्या अनेक पावडरींत असतं सुक्रालोज. त्याच्या जन्मकथेत मराठी आडनाव आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवलेले पदार्थ तयार करत होते. एका पदार्थाची 'टेस्ट' कर, म्हणजे चाचणी घे, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं 'टेस्ट', म्हणजे चव घे. मराठीत लिहिलं तर दोन्ही शब्द सारखेच दिसतात! त्यांनी चव घेतली. तो पदार्थ साखरेच्या सुमारे ६०० पट गोड निघाला. या संशोधनामागे टेट अँड लाइल ही कंपनी होती, म्हणजे साखरेचाच धंदा करणारी.

भीतीचाही इतिहास आहे. उंदरांवरच्या प्रयोगांनंतर १९७७ मध्ये अमेरिकेत सॅकरिनवर बंदीचा प्रस्ताव आला, पाकिटांवर कर्करोगाचा इशारा छापला गेला. उंदरांत जे घडतं ते माणसाला लागू नाही असं दिसल्यावर २००० साली तो इशारा काढला. म्हणजे हे विष आहे, हे सिद्ध झालं नाही. पण औषध आहे, हेही सिद्ध झालं नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पर्यायांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, हेही तिने स्पष्ट केलं. आमच्यासारख्यांनी हे आपल्या डॉक्टरांशीच बोलावं.

मला या इतिहासातून एवढं कळलं: हे पदार्थ फक्त जिभेला साखरेची आठवण देतात. ताटात बाकी काय आहे, त्याची जबाबदारी ते घेत नाहीत. आपण मात्र ती त्यांच्यावर टाकतो, कारण मग पाहुण्याला 'नको' म्हणावं लागत नाही आणि यजमानाला वाईट वाटत नाही. आपल्या घरांत नकार हा अपमान समजला जातो. महिनाभर रोजे ठेवून भूक-तहान आवरणारे आपण, ईदच्या दिवशी एका वाटीला नाही म्हणू शकत नाही.

मी आपाला फोन करून आकडा सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तुला वाढू तरी काय?"

"मटण वाढ, काकडी-कांदा वाढ. आणि शीरखुर्मा सगळ्यांसाठी केलेल्या पातेल्यातलाच, साखरेचा, दोन चमचे."

"दोनच?"

"दोनच."

"बरं," ती म्हणाली, "पण मग समोर बसून खायचे."