पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव : पारंपरिक जलज्ञान आणि हक्कांचा इतिहास

प्रस्तावना

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत विखुरलेल्या माजी मालगुजारी तलावांची संख्या शासकीय मोजदादीनुसार सहा हजार आठशेहून अधिक आहे. सरकारी कागदपत्रांत त्यांना संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘माजी’ आणि ‘मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव सिद्ध झाले आहे. मालगुजारी ही एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी मध्य प्रांतात रूढ केलेली जमीनधारणेची पद्धत होय. यांपैकी कित्येक तलाव त्याआधीचे असूनही त्यांची ओळख त्या अल्पजीवी पद्धतीच्या नावाने व्हावी, ही बाब सूचक आहे. जलव्यवस्थेचा इतिहास महसुलाच्या भाषेत नोंदला गेला आणि तो त्याच भाषेत वाचला गेला.

प्रस्तुत निबंधात या तलावांशी निगडित पारंपरिक ज्ञानाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हे ज्ञान गावातील हक्क आणि कर्तव्ये यांच्या विशिष्ट रचनेत नांदत होते. ती रचना मोडल्यावर तलाव जागेवर राहिले, परंतु त्यांची निगा राखणारे हात अधिकारहीन झाले, अशी येथील मांडणी आहे.

तलाव बांधणारे

वैनगंगेचे खोरे हा भाताचा प्रदेश. वार्षिक पर्जन्यमान सरासरी 1300 मि.मी.च्या आसपास असले तरी भाताला ऐन निसवणीच्या काळात पाऊस दगा देतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धातील दोन-तीन आठवड्यांचा खंड बांधीतील पीक हातचे घालवण्यास पुरेसा असतो. झाडीपट्टीतील तलावांचा मूळ हेतू हा खंड भरून काढण्याचा होता. त्यामुळे बारमाही सिंचनाच्या कसोटीवर त्यांना ‘अकार्यक्षम’ ठरवणारी नंतरची मूल्यमापने प्रारंभापासूनच चुकीच्या मापाने मोजत होती, असे म्हणावे लागते.

तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यावी, असे धोरण चांद्याच्या गोंड राजांनी अवलंबिले होते, असे परंपरा सांगते. या कामात प्रामुख्याने पुढे आला तो कोहळी समाज. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या 1916 च्या ग्रंथात कोहळ्यांची नोंद वैनगंगा खोऱ्यातील मोठ्या तलावांचे निर्माते अशीच केली असून, 1911 मध्ये त्यांची लोकसंख्या सुमारे 26 हजार असल्याचे म्हटले आहे. गोंड राजाने त्यांना काशीकडून बोलावून आणले, ही कथाही तेथे येते. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिच्यातून एक प्रश्न उभा राहतो. ‘मूलनिवासींचे ज्ञान’ या अलीकडे प्रचलित झालेल्या संज्ञेत कोहळी बसतात काय? राज्य गोंडांचे, बांधणी बाहेरून आल्याचे सांगणाऱ्या कोहळ्यांची, पाण्यातील जीवसृष्टीची जाण ढिवरांची. येथील ज्ञान कोणा एका समाजाची वारसा-मालमत्ता नव्हती, ती भूमीवर दीर्घकाळ एकत्र राहण्यातून घडली. ‘मूल’ कोणते, या वादापेक्षा ही घडण अधिक अभ्यसनीय आहे.

नवेगावबांधचा तलाव याचे ठळक उदाहरण होय. सुमारे 11 चौ. कि.मी. विस्ताराच्या या जलाशयाच्या निर्मितीचे श्रेय अठराव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. भोवतीच्या सात टेकड्या ‘सातबहिणी’ म्हणून ओळखल्या जातात आणि बांध पूर्ण होण्यास या देवतांनी साहाय्य केले, अशी श्रद्धा आहे. पुढे स्वतः कोलू पाटील यांनाच ‘कोलासूर देव’ म्हणून देवत्व प्राप्त झाले. तलाव बांधणारा माणूस देव होतो, याकडे केवळ लोकश्रद्धा म्हणून पाहता येत नाही. ज्याच्या नावाने पूजा होते त्याच्या पाळीची माती कोणी उकरत नाही. निगराणीचा तो एक मार्ग होता.

रचना आणि जाण

या तलावांची जागा निवडण्याचे कौशल्य हे बांधणीइतकेच महत्त्वाचे होते. जमिनीचा अत्यल्प उतार ओळखून, दोन उंचवट्यांमधील अंतर कमीत कमी राहील अशा ठिकाणी मातीची पाळ घातली जाई. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या तलावास मिळे, बांध्यांतून झिरपलेले पाणी लहानशा बोडीत साठे. पाणी सोडण्यासाठी ‘तुडुम’ असे. पातळी उतरेल तशी त्यातील भोके वरून खाली उघडत जात. पाण्याचा दाब सांभाळून विसर्ग करण्याची ही युक्ती साधी आहे आणि तिला रोज लक्ष देणारा माणूस लागतो.

तलावाचा उथळ काठ ही या व्यवस्थेतील सर्वाधिक दुर्लक्षित बाब होय. पाणी हळूहळू मागे सरते त्या पट्ट्यात देवधान म्हणजे रानटी भात, विविध गवते आणि लव्हाळे वाढतात. त्यापलीकडे कमळ आणि शिंगाडा, आणि अधिक खोल पाण्यात बुडीत वनस्पती. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे याच काठावरील वनस्पतींत अंडी घालतात. मरळ, मागूर यांसारख्या स्थानिक माशांचे जीवनचक्र कोणत्या वनस्पतीशी जोडलेले आहे, हे ढिवरांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. काठावरील पाणवनस्पतींवर सारससारख्या पक्ष्याचेही जीवन अवलंबून असते. मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकातून या परिसरातील माणसांची ही जाण मराठी वाचकांस परिचित झाली आहे.

उन्हाळ्यात तलावातील गाळ शेतात नेला जाई. गाळ काढण्याचे हे काम शेताच्या खताच्या गरजेतूनच होत असल्याने तलाव स्वच्छ ठेवण्यासाठी निराळी योजना आखावी लागत नसे. गाळ उथळ थरांनी, दरवर्षी थोडा थोडा निघे.

मालगुजाराची सत्ता

1854 मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. 1861 मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. 1860 च्या दशकातील जमाबंदीने गावच्या पाटील-मोकाशांना मालकी हक्क दिले आणि तलावांवरील त्यांचे स्वामित्वही कागदोपत्री पक्के झाले. मात्र त्याच वेळी गावाचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदवले गेले. रयतेचे निस्ताराचे म्हणजे पाणी, चराई, जळण इत्यादी वापराचे हक्क मान्य झाले. मालकी एकाची, वापर अनेकांचा, अशी ही द्विस्तरीय रचना होती.

या काळाचे सुवर्णयुग म्हणून वर्णन करण्याचा मोह अलीकडील लेखनात आढळतो. तो टाळणे आवश्यक आहे. पाळीची दुरुस्ती अनेकदा वेठीच्या श्रमांतून होत असे. पाण्याची पाळी ठरवताना मालगुजाराच्या शेताला अग्रक्रम मिळे. ढिवरांचा मासेमारीचा हक्क मालगुजाराच्या मर्जीवर अवलंबून होता. एवढे मान्य करूनही हे लक्षात घ्यावे लागते की तलाव फुटल्यास मालगुजाराचेच पीक प्रथम बुडत असे. त्याचा स्वार्थ आणि तलावाचे आरोग्य एकाच पाळीने बांधलेले होते.

1951 नंतर

1950 च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याची अंमलबजावणी 31 मार्च 1951 पासून झाली. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता. जमीनदारी व्यवस्थेचा अंत हा न्याय्य आणि दीर्घकाळ अपेक्षित असा निर्णय होता. परंतु तलाव शासनाकडे आले ते मालमत्ता म्हणून. पाळ, तुडुम आणि पाणलोट यांची जबाबदारी कोणी आणि कोणत्या अधिकाराने सांभाळावी, हा प्रश्न मागे राहिला. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले. जे पाणी निस्ताराचा हक्क म्हणून वापरले जात होते, त्यावर पाणीपट्टी देण्याचा प्रश्न उद्भवला. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा कर हक्काचे पाणी विकत घेण्यासारखा होता. प्रशासनाच्या दृष्टीने वसुली नसलेल्या कामास खर्च देणे अवघड होते. या ओढाताणीत पाळी झिजल्या.

मासेमारीचे क्षेत्र मात्र ढिवरांच्या सहकारी संस्थांना मिळाले, आणि मालगुजाराच्या मर्जीतून ती सुटली. हा मोठाच बदल होता. परंतु सोबत रोहू, कटला, मृगळ यांच्या बीजाचे धोरण आले. तलावाकडे मत्स्यशेतीचे टाके म्हणून पाहिले जाऊ लागले. गवतखाऊ मासे सोडलेल्या तलावांत पाणवनस्पती घटल्या. काठांवर बेशरमची झुडपे माजली. तलावाच्या तळात गाळपेर आणि अतिक्रमणे वाढली.

दुरुस्तीचा अर्थ

2016 मध्ये राज्य शासनाने या तलावांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम हाती घेतला. 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. दोन्हींची गरज निर्विवाद आहे. अडचण मोजमापाची आहे. यशाचा निकष काढलेल्या गाळाचे घनमीटर हा ठरला की यंत्राने तळ एकसारखा खोल करणे हे सर्वात सोयीचे काम होते. अशा खोदाईत पाणी वाढते, पण उतरता काठ नाहीसा होतो. ज्या पट्ट्यात देवधान उगवते आणि मासे अंडी घालतात, तो अंदाजपत्रकात ‘गाळ’ म्हणूनच नोंदला जातो.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मच्छीमार सहकारी संस्थांसमवेत केलेले काम या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. तलावांतून बेशरम उपटणे, उन्हाळ्यात तळाची नांगरट करून पाणवनस्पतींची पुन्हा लागवड करणे आणि स्थानिक माशांना परतण्याची जागा देणे, असे त्याचे स्वरूप आहे. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात लावायची, हे ढिवर स्त्री-पुरुषच ठरवतात. मासेमारीचा ठेका संस्थेकडे असल्यामुळे त्यांना हे करता येते. पाळ मात्र अन्य यंत्रणेची, पाणी सोडण्याचा निर्णय आणखी कोणाचा आणि तलावाच्या तळाची जमीन महसूल विभागाच्या नोंदीत आहे. लागवड केलेल्या तलावातून ऐन उन्हाळ्यात पाणी उपसले गेले, तर त्याविरुद्ध संस्थेने कोणाकडे दाद मागावी, याचे उत्तर तिच्या ठेक्याच्या कागदात मिळत नाही.