द इनर लाइट

द इनर लाइट हे बीटल्स या ब्रिटिश रॉक बँडचे, जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांनी रचलेले गीत असून त्याचे वाद्यसंगीत मुंबईत, तर गायन लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले. १५ मार्च १९६८ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या, म्हणजे दर बाजूस एकच गीत असणाऱ्या व मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान तबकडीच्या, दुसऱ्या बाजूस ते होते. बीटल्सच्या ब्रिटनमधील सिंगलवर हॅरिसन यांच्या रचनेला प्रथमच स्थान मिळाले ते या गीतामुळे. तोपर्यंत त्या तबकड्यांवर मुख्यतः जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्या रचना असत.

पार्श्वभूमी : हॅरिसन यांनी १९६६ मध्ये मुंबईत राहून पं. रविशंकर यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेतले होते आणि ‘लव्ह यू टू’ (१९६६) व ‘विदिन यू विदाउट यू’ (१९६७) या गीतांत हिंदुस्थानी वाद्ये वापरली होती. केंब्रिजमधील संस्कृतचे अध्यापक आणि उपनिषदांचे व भगवद्गीतेचे इंग्रजी अनुवादक हुआन मास्कारो यांनी १९६७ मध्ये त्यांना आपला ‘लँप्स ऑफ फायर’ हा संकलनग्रंथ पाठवून त्यातील ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या एका प्रकरणाला चाल लावण्याचे सुचविले. घराचे दार न ओलांडताही जगाचे ज्ञान होऊ शकते आणि माणूस जितका दूर भटकतो तितके त्याचे ज्ञान उणावते, असा आशय असलेल्या त्या ग्रंथातील ४७ व्या प्रकरणावर गीताचे शब्द आधारलेले आहेत.

मुंबईतील ध्वनिमुद्रण : जो मॅसॉट दिग्दर्शित ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत आले व फोर्ट भागातील फिरोजशहा मेहता मार्गावरील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्यांनी काम केले. तेथे मोनो, म्हणजे सर्व ध्वनी एकाच पट्टीवर नोंदविणारे यंत्रच उपलब्ध असल्याने, ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी डावा व उजवा ध्वनी स्वतंत्र ठेवणारे दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणविले. स्टुडिओ पुरेसा ध्वनिरोधक नसल्याने रस्त्यावरील वाहनांचा आवाज आत येत असे. चित्रपटाच्या कामाबरोबरच हॅरिसन यांनी काही स्वतंत्र वाद्यरचनाही मुद्रित करून घेतल्या आणि त्यांतील एक या गीतासाठी निवडली. तिच्यात सरोद, बासरी, शहनाई, पखवाज व हार्मोनियम ही वाद्ये असून वादकांमध्ये आशिष खान (सरोद), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि महापुरुष मिश्र (तालवाद्य) यांची नावे सांगितली जातात. गिटार आणि ड्रम ही रॉक संगीताची नेहमीची वाद्ये तिच्यात नाहीत.

लंडनमधील पूर्तता : ही फीत ६ फेब्रुवारी १९६८ रोजी ॲबी रोड येथील स्टुडिओत चार ट्रॅकच्या फितीवर उतरवून घेण्यात आली व तिच्यावर हॅरिसन यांचा आवाज चढविण्यात आला. उंच पट्टीतील ही चाल आपल्याला पेलेल की नाही याविषयी ते साशंक होते, तेव्हा लेनन व मॅकार्टनी यांनी त्यांना धीर दिला. त्या दोघांनी ८ फेब्रुवारीला अखेरच्या ओळीत साथीचे स्वर मिसळल्यावर गीत पूर्ण झाले. त्यानंतर काही दिवसांतच बीटल्स हृषीकेशला महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात गेले आणि तबकडी प्रकाशित झाली तेव्हा हॅरिसन तेथेच होते.

प्रकाशन व नंतरचा काळ : ‘लेडी मॅडोना’ने ब्रिटनच्या विक्रीक्रमात पहिले स्थान मिळविले, तर अमेरिकेत ‘द इनर लाइट’ची ‘बिलबोर्ड’च्या यादीत ९६ व्या क्रमांकावर स्वतंत्र नोंद झाली. बँड एकत्र असताना ब्रिटनमध्ये पार्लोफोनच्या नाममुद्रेने निघालेला हा त्यांचा अखेरचा सिंगल होय. ‘हे जूड’पासून त्यांच्या तबकड्या ॲपल या स्वतःच्या नाममुद्रेने निघू लागल्या. सिंगलच्या लेबलवर वादकांची नावे देण्याची प्रथा नसल्याने मुंबईतील कलावंत त्यावर अनामिक राहिले. मात्र त्याच मुक्कामातील ध्वनिमुद्रणांवर आधारलेल्या ‘वंडरवॉल म्युझिक’ (नोव्हेंबर १९६८) या दीर्घ तबकडीच्या वेष्टनावर आशिष खान, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा यांच्यासह बासरीवादक एस. आर. केंकरे यांचीही नावे छापली गेली. १९८८ मध्ये हे गीत ‘पास्ट मास्टर्स’ या संकलनात समाविष्ट झाले. हॅरिसन यांच्या निधनानंतर २००२ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील स्मृतिमैफलीत जेफ लिन व अनुष्का शंकर यांनी ते सादर केले, तर मुंबईत मुद्रित झालेल्या वाद्यसंगीताचे एक पर्यायी रूप २०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’च्या नव्या आवृत्तीतून श्रोत्यांपर्यंत पोहोचले.