विडीची मजुरी आणि 'परवडत नाही'चा इतिहास

किमान वेतनाचा विषय निघाला की कारखानदाराचे ठरलेले वाक्य ऐकू येते : 'एवढे परवडत नाही.' हे वाक्य खोटेच असते असे नाही. काही वेळा ते अगदी खरे असते. प्रश्न असा की, जे धन्याला परवडत नाही ते मग कोणाला परवडते? मजुराच्या घरातली चूल त्यानंतरही पेटतेच. ती कोणाच्या पैशावर पेटते, हे शोधू लागले की इतिहास बराच बोलका होतो.

हा इतिहास विडी धंद्याच्या वाटेने पाहणे आपल्याला अधिक उपयोगी आहे. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, कामठी, गोंदिया, निपाणी ही मराठी माणसाच्या ओळखीची विडीची गावे. यांतल्या कित्येक मोहल्ल्यांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया हे नेहमीचे दृश्य. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने तंबाखूची उत्पादने आणि कापड या दोन धंद्यांत मुस्लिम मजुरांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बरेच अधिक असल्याचे नोंदवले आहे. घरी बसून करण्याजोगे काम, पडद्याची अडचण नाही, लेकरे सांभाळून चार पैसे मिळतात, असे या कामाचे समर्थन आपल्याकडे नेहमी होते. परंतु हे काम घरात कसे शिरले, याची हकीकत वेगळी आहे.

११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले. मांडणारे होते तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १५ मार्च १९४८ पासून कायदा अमलात आला. जेथे मजूर विखुरलेला आणि संघटना दुबळी, असे धंदे निवडून त्यांची एक अनुसूची कायद्याला जोडली होती. विडीसह तंबाखूचे कारखाने तीत पहिल्या दिवसापासून होते.

त्याच सुमारास नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. तळाला किमान वेतन, वर निर्वाह वेतन आणि मधे न्याय्य वेतन. धंद्याची देण्याची ऐपत पाहायची ती मधल्या पायरीवर. तळाच्या पायरीवर ऐपतीचा प्रश्नच नाही. आणि हे किमान म्हणजे नुसता जीव जगवणारा घास नव्हे. शिक्षण, औषधपाणी आणि थोड्या सोयी यांचा खर्च त्यात धरलेला आहे. पुढे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने त्याचा हिशेबही घालून दिला : कमावणाऱ्यामागे तीन माणसांचा खर्च, माणशी २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली.

मालकांनी कोर्टाची पायरी लगेच चढली. अजमेरच्या एका कापड गिरणीने नवे दर परवडत नाहीत म्हणून गिरणी बंद केली. तेव्हा बहुसंख्य कामगारच मालकाकडे गेले आणि आम्ही कमी पगारावर काम करतो, गिरणी उघडा, असे म्हणाले. भुकेपुढे कायदा किती लुळा पडतो याचा हा नमुना. १९५४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मजूर राजी असला तरी किमान दरापेक्षा कमी देण्याचा करार टिकणार नाही. कारण ही सक्ती ज्याच्यासाठी आहे त्याची सौदा करण्याची ताकदच नाही. १९५७ साली एका निकालात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर याहून पुढे गेले. मूळचे साताऱ्याचे हे न्यायमूर्ती पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जो धंदा मजुरांना तळाचे वेतनसुद्धा देऊ शकत नाही त्याला जिवंत राहण्याचा हक्क नाही. १९६१ साली केरळमधील कौलांच्या कारखानदारांनी पुन्हा ऐपतीचाच मुद्दा काढला, तेव्हाही त्यांनी तो फेटाळला.

कोर्टात हरलेला मालक मग दुसरी वाट शोधतो. विडीच्या मालकाला ती सापडायला फार त्रास पडला नाही. विडीला यंत्र लागत नाही. टेंभुर्णीचे पान, तंबाखू, दोरा आणि दोन हात असले की झाले. तेव्हा कारखाना मोडायचा, पान-तंबाखू ठेकेदाराच्या हवाली करायची, ठेकेदाराने ती घराघरांत वाटायची, संध्याकाळी हजारावर मोजून विड्या घ्यायच्या आणि वाईट म्हणून मूठभर छाटून टाकायच्या. मग मालक म्हणणार, मजूर माझे नव्हेतच, ठेकेदाराला विचारा. मध्य प्रदेशातील सट्टेदार हे कारखान्याचे कामगार ठरत नाहीत, असे १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्यावर या वाटेला बळच मिळाले. काम घरात शिरले ते अशा हिशेबाने. बाईच्या सोयीचे गोडवे मागाहून गायिले गेले.

१९६४ साली वारे फिरले. मद्रास राज्यातील दिवाण मोहिद्दीन साहेब या विडी मालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदार हा नुसता बुरखा आहे, खरा मालक मोहिद्दीन साहेबच, असा निर्णय दिला. मालकाचे नाव मुद्दाम दिले. शोषणाची गोष्ट सांगताना शोषक नेहमी दुसऱ्या जमातीचा असतो, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि घरी विड्या वळणारी बाईही कामगार ठरली.

हा कायदा अमलात आणण्यात केरळने पुढाकार घेतला. १९६८ च्या ऑक्टोबरात तेथे अंमलबजावणी सुरू होताच मंगळूरच्या बड्या विडी मालकाने कण्णूर भागातील आपला पसारा गुंडाळून तो कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात नेला. तेथे मजुरी कमी होती. सुमारे १२,००० मजूर एका फटक्यात रिकामे झाले. 'परवडत नाही' याचा इतका उघड पुरावा दुसरा कोणता हवा, असे कोणालाही वाटले असते.

पण पुढे जे घडले त्याने हा पुरावा उलटला. ए. के. गोपालन आणि इतर पुढाऱ्यांच्या प्रयत्नांतून व सरकारच्या मदतीने १५ फेब्रुवारी १९६९ रोजी 'केरळ दिनेश बीडी' ही कामगारांची सहकारी संस्था सुरू झाली. पान तेच, तंबाखू तीच, वळणारे हातही तेच. मालक तेवढा नव्हता. संस्थेने कायद्याप्रमाणे मजुरी दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला, बोनस दिला, बाळंतपणाची रजा दिली. विड्या वळताना एकाने सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या, ही कण्णूरची जुनी रीतही तिने मोडली नाही. पुढे संस्थेत ३०,००० हून अधिक कामगार झाले. जे मालकाला परवडत नव्हते ते कामगारांच्या संस्थेला दोन-अडीच दशके परवडले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सरकारी भांडवल आणि केरळमधील संघटित गिऱ्हाईक यांचा टेकू दिनेशला होता. सीमेपलीकडून स्वस्त मजुरीची विडी येतच राहिली. धूम्रपान कमी होऊ लागले, २००३ चा तंबाखूविषयक कायदा आला. संस्थेला शेवटी खाद्यपदार्थ, छत्र्या आणि कपडे यांकडे वळावे लागले. धंद्याची ऐपत बव्हंशी शेजारच्या राज्यातला मजुरीचा दर ठरवतो. सोलापूरच्या मजुरांनाही दरवाढ मागितली की हाच धाक ऐकावा लागला : कर्नाटकात स्वस्तात होते, आंध्रात स्वस्तात होते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मजुरी पुरत नाही म्हणून सरकार जे देते ते. १७९५ साली इंग्लंडमध्ये धान्य कडाडले. मे महिन्यात बर्कशायर परगण्याचे न्यायाधीश स्पीनहॅमलँड येथील एका खानावळीत जमले. शेतमजुरांची मजुरी बांधून द्यावी की अपुरी मजुरी गावाच्या दानफंडातून भरून काढावी, हा प्रश्न होता. त्यांनी फंडाची वाट धरली. पावाच्या भावावर आणि घरातल्या माणसांवर मदतीचे कोष्टक बसवले. त्याच वर्षअखेरीस सॅम्युएल व्हिटब्रेड याने किमान मजुरीचे विधेयक पार्लमेंटात आणले. पंतप्रधान पिट यांच्या विरोधामुळे १७९६ साली ते पडले. पुढे तक्रार सुरू झाली की जमीनदार आता मुद्दाम मजुरी कमी देतात, उरलेले गाव भरतेच आहे. १८३४ साली नवा गरीब कायदा करून मदत आखडली गेली आणि गरिबाला श्रमगृहाचा रस्ता दाखवला गेला. मदतीमुळेच मजुरी पडली का, यावर अलीकडच्या इतिहासकारांनी बरीच शंका घेतली आहे. शिक्षा मात्र जमीनदाराला झाली नाही, मजुराला झाली, यावर वाद नाही.

आपल्याकडे १९७६ साली विडीवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी उभा केला गेला. त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांना अनुदान. निधी चांगलाच होता. हजारो मुले त्या शिष्यवृत्तीवर शिकली. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती बायांच्या स्वाधीन झाली. ज्यांच्या मजुरीतून एक खोली कधी बांधून झाली नसती त्यांना घर मिळाले. पण घर मिळाले म्हणून हजार विड्यांचा दर वाढला नाही. शिवाय या सर्व सवलतींसाठी ओळखपत्र लागते. ही बाई माझ्याकडे काम करते असा मालकाचा दाखला ही त्याची सरळ वाट. दाखला दिला की मालकी कबूल झाली. मग भविष्यनिर्वाह निधी आला, किमान वेतन आले. म्हणून दाखला देण्यास टाळाटाळ. जिला मजुरी कमी तिलाच सवलतही अवघड.

यंत्रमागाची तऱ्हा फार निराळी नाही. भिवंडी-मालेगावात वीजदरातील सवलतीसाठी आपली माणसे मोर्चे काढतात, मालक आणि मजूर त्यात खांद्याला खांदा लावून चालतात. सवलत मिळते ती मागवाल्याच्या बिलात. विजेच्या कारखान्याला दहा कामगारांपासून कारखाना कायदा लागत असे, तेव्हा एका शेडच्या कागदोपत्री चार शेडी होत. रमजानात हाच मालक जकात मोकळ्या हाताने वाटतो, हेही खरे. जकात हा गरिबाचा हक्क आहे. मजुरी हा मजुराचा हक्क आहे. दोन्ही हक्क एकाच थैलीतून, एकाच्या बदल्यात दुसरा असे फेडता येतील का, हा प्रश्न आपल्या जलशांत क्वचितच निघतो.

सरकारही याला अपवाद नाही. राजस्थानात दुष्काळी कामावर किमान दरापेक्षा कमी मजुरी देणाऱ्या सरकारला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली बजावले की, मदत म्हणून दिलेले काम असले तरी कमी मजुरी ही वेठबिगारच. अंगणवाडी सेविकेला मात्र वेतन म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे, ही युक्ती त्यानंतरही चालूच राहिली.

१९४८ चा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत विरघळला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात एक नवी तरतूद आहे : केंद्राने वेतनाची तळपातळी ठरवायची आणि कोणत्याही राज्याला तिच्याखाली जाता येणार नाही. कण्णूरहून मंगळूरला पळणाऱ्या मालकाला १९६८ सालीच जी आडकाठी हवी होती, ती निदान कागदावर आली. मात्र ती तळपातळी किती उंचीवर बसवायची, यावर सारे अवलंबून आहे. जुनी राष्ट्रीय तळपातळी २०१७ साली दिवसाला १७६ रुपये होती आणि कोणावर बंधनकारक नव्हती. २०१९ साली सरकारच्याच तज्ज्ञ समितीने ३७५ रुपये सुचवले होते, ते बासनात राहिले. आणि विडीवरचा तो कल्याण उपकर? वस्तू व सेवा कर आला तेव्हा, १ जुलै २०१७ पासून, तो रद्द झाला. दवाखाने आणि शिष्यवृत्त्या तेव्हापासून अर्थसंकल्पातून काय येईल त्यावर चालतात. ओळखपत्राचा नियम तेवढा जागच्या जागी राहिला.