१५ मार्च १९७५ : भारत हॉकीचा जगज्जेता

क्वालालंपूर येथे झालेल्या तिसऱ्या विश्वचषक हॉकी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानवर २-१ अशी मात करून विश्वविजेतेपद पटकावले. १९७१ मध्ये बार्सिलोनात तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले होते, तर १९७३ मध्ये ॲमस्टलव्हीनच्या अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सने पेनल्टी स्ट्रोकवर हरवले होते. या वेळी उपांत्य फेरीतही यजमान मलेशियाने घाम फोडला. पिछाडीवर असताना बदली खेळाडू अस्लम शेरखानने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली आणि जादा वेळेत हरचरणसिंगने विजयी गोल केला.

अंतिम लढतीत पहिला गोल पाकिस्तानच्या झाहिदचा होता. उत्तरार्धात सुरजितसिंगने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. त्यानंतर ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार यांनी निर्णायक गोल नोंदवला. गोलखांबाला लागून परतलेला चेंडू रेषेपार गेलाच नव्हता, असा पाकिस्तानचा दावा होता. पंचांनी तो फेटाळला.

कर्णधार अजितपालसिंग आणि व्यवस्थापक बलबीरसिंग (सीनियर) यांच्या या संघाने मिळवलेला विश्वचषक हा भारतीय पुरुष संघाचा आजवरचा एकमेव आहे.