राज्य कामगार विमा योजना
औद्योगिक कामगारांना वर्गणीच्या पायावर वैद्यकीय उपचार व रोख साहाय्य पुरविणारी भारतातील योजना. आजारपणात मजुरी बुडते आणि त्याच वेळी औषधोपचाराचा खर्च वाढतो. या दुहेरी आपत्तीवर उपाय म्हणून बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये आरोग्य विम्याचा आराखडा सादर केला. काही फेरफारांसह त्याच्या आधारे १९४८ मध्ये अधिनियम संमत झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेस प्रारंभ झाला. मुंबईत ती १९५४ मध्ये लागू झाली. प्रारंभी वैद्यकीय साहाय्य केवळ कामगारापुरते होते. कुटुंबीयांस ते नंतर टप्प्याटप्प्याने मिळू लागले. वर्गणी वेतनाच्या प्रमाणात, उपचार मात्र गरजेनुसार, हे योजनेचे मूलतत्त्व होय. तथापि शेतमजूर व घरकामगार यांसारखे अल्प उत्पन्नाचे असंघटित वर्ग दीर्घकाळ तिच्या कक्षेबाहेरच राहिले.