अंगठा हलतो तिथून

डोक्याच्या डाव्या बाजूला आठच्या आकड्यासारखी कॉइल टेकवतात, टक् असा आवाज होतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. त्याने हलवलेला नसतो. तंत्रज्ञ यंत्राची ताकद थोडी कमी करतो, पुन्हा टक्. दहा वेळा टक् केल्यावर निम्म्या वेळा तरी अंगठा हलेल अशी सगळ्यात कमी ताकद तो शोधत असतो. तिला मोटर थ्रेशोल्ड म्हणतात. नैराश्यासाठी सहसा तिच्या १२० टक्के ताकद वापरतात. मग कॉइल पाच-सहा सेंटिमीटर पुढे, कपाळाच्या वरच्या भागाकडे सरकते आणि खरा उपचार सुरू होतो. पण या नव्या जागी टक् केल्यावर काहीच हलत नाही. उपचाराची जागा मुकी आहे. या विषयातले बहुतेक वाद आणि बहुतेक जाहिराती या मुकेपणातूनच आल्या आहेत, असं माझं मत आहे.

विषयात नव्याने येणाऱ्याचं स्वागत करताना इतिहास थोडक्यात सांगतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी हेच तत्त्व वापरून कवटीबाहेरून, त्वचेला धक्का न लावता मेंदू उत्तेजित केला; यालाच ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे टीएमएस म्हणतात. दहा वर्षांनी मार्क जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी ते नैराश्याच्या रुग्णांवर वापरून पाहिलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पहिल्या यंत्राला परवानगी दिली. वयाने विषय तरुण आहे. शिकायला घेतलं तर सगळं मूळ साहित्य अजून एका माणसाच्या आवाक्यात येतं.

आमच्या ठाण्यात मात्र या उपचाराची गाठ एका जुन्या भीतीशी पडते. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. ‘याला ठाण्याला न्या’ ही चेष्टा मुंबईकरांच्या तीन-चार पिढ्यांनी केली. याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मनाच्या आजाराबद्दल चारचौघांत बोलायची सवय लावली, हेही खरं. तरीही ‘मेंदूवर मशीन’ म्हटलं की घरातलं कुणीतरी हळूच विचारतं, “म्हणजे शॉकच ना?”

नाही. शॉक म्हणजे ईसीटी. ती १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केली. तिच्यात विजेने मुद्दाम आकडी आणतात, आणि आज ती भूल देऊनच देतात. भूल व स्नायू शिथिल करणारं औषध न देता ईसीटी द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाईच केली आहे. टीएमएसमध्ये आकडी आणायची नसते. भूल नाही, दाखल होणं नाही. कानात बोळे घालून माणूस जागा बसलेला असतो आणि संपल्यावर रिक्षा पकडून घरी जातो. डोकं दुखणं, टाळूला टोचणं ही नेहमीची तक्रार. चुकून आकडी येण्याचं प्रमाण हजार रुग्णांत एकाहून कमी.

पण सौम्य म्हणून टीएमएस ईसीटीची जागा घेत नाही. ज्याने अन्नपाणी सोडलं आहे, ज्याला भास होतात, जो जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी घरच्यांना धास्ती आहे, त्याला टीएमएसच्या कोर्ससाठी सहा आठवडे थांबायला सांगणं बरोबर नाही. तिथे शॉकच्या नावाला बिचकून चुंबकाकडे वळणं हा चुकीचा दयाळूपणा होतो. (अशा वेळी पहिला फोन टीएमएस सेंटरला नव्हे, तर डॉक्टरला किंवा ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनच्या १४४१६ वर करावा.)

चुंबकाचेच पर्याय पाहायचे तर २००८ ची पद्धत अशी: सेकंदाला दहा टक्, चार सेकंद टकटक, सव्वीस सेकंद शांतता, एकूण ३००० ठोके, साडेसदतीस मिनिटं. आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे. मग थीटा बर्स्ट आली. तिच्यात ठोके तीन-तीनच्या झुबक्यांनी येतात आणि ६०० ठोके तीन मिनिटांत संपतात. २०१८ मध्ये कॅनडातल्या ४१४ रुग्णांवरच्या चाचणीत ही तीन मिनिटांची पद्धत साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही. दोन्हीकडे जवळपास निम्म्या रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटली आणि पाव ते एक तृतीयांश रुग्ण जवळजवळ लक्षणमुक्त झाले.

आता हे ठाण्यातल्या बाळकुमला आणून पाहा. पाडा नंबर दोनमधून माजिवडा, कापूरबावडी ओलांडून स्टेशनजवळच्या एखाद्या दवाखान्यात जायचं. मेट्रोचं काम, काशेली पुलाकडून येणारे ट्रक, संध्याकाळची कोंडी; जाऊन-येऊन दीड तास धरला तरी ३० फेऱ्यांचे ४५ तास होतात, आणि प्रत्यक्ष उपचार दीड तासाचा. तीन मिनिटांच्या पद्धतीने दवाखान्याचा वेळ वाचवला, रुग्णाचा फारसा नाही. नैराश्यात ज्याला सकाळी अंथरुणातून उठणंच जड जातं, त्याला आपण रोज घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसायला सांगतो. म्हणून निवड करताना माझा पहिला प्रश्न यंत्राच्या कंपनीबद्दल नसतो. सोबत रोज कोण येणार, हा असतो.

खोलवर जाणारी एच-कॉइल, उजव्या बाजूला सेकंदाला एकच ठोका देणारी संथ पद्धत, हेही पर्याय आहेत. एच-कॉइलला एफडीएची परवानगी २०१३ ची. ‘खोल’ शब्दाची भुरळ पडते, पण खोल म्हणजे अधिक गुणकारी असं समीकरण नाही.

सध्या सर्वाधिक चर्चा स्टॅनफर्डच्या सेंट पद्धतीची आहे. एमआरआयवरून जागा निवडायची, दर तासाला एक अशी दिवसात दहा सत्रं, पाच दिवस, एकूण ९०,००० ठोके. निकाल डोळे दिपवणारे होते, २०२२ मध्ये एफडीएची परवानगीही मिळाली. बाळकुमच्या रुग्णाला हिशेब सोपा: सहा आठवड्यांऐवजी एका आठवड्याची रजा. मात्र २०२२ च्या ज्या चाचणीमुळे ही पद्धत गाजली तिच्यात रुग्ण होते अवघे २९. आणि ब्रिटनमध्ये २०२४ ला प्रसिद्ध झालेल्या ब्राइटमाइंड या २५५ रुग्णांच्या चाचणीत मेंदूच्या जोडण्या मोजून जागा ठरवलेली थीटा बर्स्ट साध्या एमआरआयवरून जागा ठरवलेल्या नेहमीच्या टीएमएसहून सरस ठरली नाही. दोन्ही गट सारखेच सुधारले. ती नेहमीच्या वेगाने दिली होती, त्यामुळे सेंट खोटी ठरत नाही. पण ‘आमच्याकडे जोडण्यांचा स्कॅन करून अचूक जागा शोधतात’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला ही चाचणी माहीत आहे का, हे विचारायला हरकत नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा मिळावा, असं २०१७ चा कायदा सांगतो. पण बहुतेक मेडिक्लेमची अट दाखल होण्याची असते आणि टीएमएस ओपीडीत होतं. त्यामुळे खर्च बहुधा खिशातून. पॅकेज घेण्याआधी लेखी विचारा: दहा सत्रांनंतर फरक पडला नाही तर काय, आणि बरं वाटल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा खाली गेलो तर काय.

आता हे पुस्तक वाचण्याच्या क्रमाबद्दल. वैद्यकीच्या विद्यार्थ्याने मोटर थ्रेशोल्डचं प्रकरण आधी वाचावं आणि स्वतःच्या अंगठ्यावर एकदा करून घ्यावं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने खोट्या कॉइलच्या (आवाज होतो, पण ठोका बसत नाही) प्रकरणापासून सुरुवात करावी. नुसती टकटक ऐकून, रोज वेळेवर जाऊन, कुणीतरी आपली विचारपूस करतंय म्हणूनही माणसं सुधारतात, आणि तो हिस्सा वेगळा काढणं हेच या शास्त्रातलं सगळ्यात कठीण काम आहे. रुग्णाच्या घरच्यांनी सरळ शेवटची प्रश्नावली उघडावी. तिच्यात डोक्यात क्लिप किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट आहे का, कधी फिट आली होती का, आधीची औषधं पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे घेतली होती का, हे प्रश्न आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर कोणती पद्धत घ्यायची हे ठरवण्याआधी जुन्या चिठ्ठ्या घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पुन्हा जावं.