मैदानावरचे गुरुजी



अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाऊं लागलें, कीं वाटेंत राजूर लागतें. अशा डोंगराळ गांवांतील विद्यालयाच्या मैदानावर सायंकाळीं शिट्टी घेऊन उभा असलेला शिक्षक आपण पाहतों आणि पुढें निघून जातों. गणिताच्या शिक्षकानें विद्या कोठें संपादिली, हें पालक आवर्जून विचारतात. खेळाच्या शिक्षकास हा प्रश्न क्वचितच कोणी करतो. आज तोच प्रश्न करावयाचा आहे.

महाराष्ट्रांत मैदानाचा पहिला गुरु म्हणजे तालमींतला वस्ताद. बडोद्यास जुम्मादादांचे शिष्य माणिकराव यांचा आखाडा होता. तेथें १९०७ ते १९१० या काळांत जगन्नाथ गणेश गुणे नांवाचा तरुण शिकला. पुढें स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झाला तो हाच. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम मंडळाचा पाया घातला आणि त्याच मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ दाखवून आलें. पण वस्ताद घडवी तो एकेक गडी. अकरा जणांना एका विचारानें हलविणें हें त्याच्या विद्येंत नव्हतें, आणि शाळेंत कवायत घेणाऱ्या, पलटणींतून आलेल्या हवालदाराच्या विद्येंतहि नव्हतें. हवालदार सर्वांकडून एकच हालचाल करून घेई. फुटबॉलमध्यें तर प्रत्येकाची हालचाल निराळी!

तिसरा प्रवाह समुद्रापलीकडून आला. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें तयार झालेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासला वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. खेळ शिकविणें हा अभ्यास करून पत्करण्याचा व्यवसाय आहे, ही कल्पना आपल्याकडे रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळें.

मुंबई सरकारनें १९३७ सालीं शारीरिक शिक्षणाची समिती नेमली, तेव्हां तिचें अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांकडे आलें. आखाड्याचा शिष्य सरकारी समितीच्या अग्रस्थानीं बसला, ही घटना मला मोठी वाटते. पुढील वर्षीं कांदिवलीस शिक्षकांसाठीं प्रशिक्षण संस्था निघाली. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ हे १९५७ सालीं ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचेहि पहिले प्राचार्य झाले.

तरी फुटबॉलचा मार्गदर्शक या संस्थांतून आपोआप निपजला नाहीं. १९४८ सालीं लंडनला बहुतेक अनवाणी खेळलेल्या आपल्या संघानें फ्रान्सकडून २–१ अशी हार खाल्ली. त्या संघाचे मार्गदर्शक बलाईदास चतर्जी हे स्वतः जुने खेळाडू होते. त्यांच्यामागून आलेले सय्यद अब्दुल रहीम मात्र पेशानें हैदराबादचे शाळामास्तर! त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघानें मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा ओळीनें पांच वेळां जिंकला. खेळ विसरून चेंडू कुरवाळीत बसणाऱ्यास त्यांच्या संघांत थारा नव्हता; चेंडू झटपट सोडावा आणि रिकामी जागा हेरावी, हा त्यांचा पाठ. मेलबर्नला १९५६ सालीं त्यांचा संघ चौथा आला.

१९६१ सालीं पतियाळास राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि मार्गदर्शकाच्या पदविकेची वाट रीतसर खुली झाली. त्यानंतरच्याच वर्षीं, म्हणजे १९६२ सालीं, रहीम जाकार्ता येथें आशियाई सामन्यांस गेले. जर्नेलसिंग हा बचावाचा खेळाडू. त्याच्या डोक्याला जखम होऊन टांके पडले होते. रहीमांनीं त्याला न वगळतां आघाडीवर नेलें. अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी आणि हाच जर्नेलसिंग, दोघांनीं एकेक गोल केला आणि सामना २–१ असा आपल्याकडे आला. रहीम तेव्हां कर्करोगानें ग्रासलेले होते. १९६३ च्या जूनमध्यें त्यांचें निधन झालें.